टपरीवर ‘नको’ म्हणायला मुलाला असं तयार करा

कॉलेज रोड असो की सिडको, क्लास सुटल्यावर टपरीशी घोळका जमतो. पहिली पुडी किंवा सिगारेट बहुधा मित्रच पुढे करतो. ‘घाबरतो का रे?’ या एका प्रश्नाला चौदा-पंधराचा मुलगा अडखळतो, कारण उत्तर तयार नसतं. म्हणून ते घरीच तयार करून घ्या.

आईवडिलांपैकी एकाने मित्र व्हावं आणि आग्रह करावा. मुलाने एकच छोटं वाक्य म्हणायचं: ‘नको, मी घेत नाही.’ आग्रह वाढला तर तेच वाक्य, त्याच आवाजात पुन्हा. मग विषय बदलून पाय काढायचा: ‘चल, मिसळ खाऊ.’ कारणं देऊ नयेत. प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोड असते. मान वर, आवाज सपाट. आठवड्यातून दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे.

खिशात पुडी सापडली तर मारहाण, चारचौघांत अपमान नको. लाजलेला मुलगा लपवायला शिकतो, आणि त्याला जवळ घेणारा तेवढा टपरीवरचा घोळकाच उरतो. रात्री शांतपणे विचारा, ‘कधी घ्यावीशी वाटते?’

सोडताना पहिले तीन दिवस सर्वांत कठीण: चिडचिड, झोपमोड. तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी, बडीशेप, चालणं. मदतीला फोन करा: तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, मन फार खचलं असेल तर १४४१६, दोन्ही मोफत.

अठराखालच्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे, हे टपरीवाल्याला जाऊन सांगाच.