लॉक-इन सर्किटला सिग्नल नाही तरी डीसी येतोय? ट्रिमपॉटला हात लावायच्या आधी हे बघा

लॉक-इन म्हणजे सिग्नलला त्याच फ्रिक्वेन्सीच्या रेफरन्सने गुणून लो-पास फिल्टरने डीसी काढणारं सर्किट. त्यात सिग्नल शून्य आहे तरी फिल्टरनंतर मीटर १०-१५ मिलिव्होल्ट दाखवतोय, की लगेच ट्रिमपॉट फिरवायची घाई होते. आकडा शून्यावर येतो हो, पण फेज बदलली की स्वारी परत हजर.

आधी रेफरन्स काढा आणि मल्टिप्लायरचे दोन्ही इनपुट अगदी पिनपाशीच ग्राउंड करा. डीसी तसाच राहिला तर मल्टिप्लायरच्या आउटपुट पिनवरच मोजा. एडी६३३ या मल्टिप्लायर चिपचा आउटपुट ऑफसेट (इनपुट शून्य असतानाही येणारा डीसी) टिपिकल ५ मिलिव्होल्ट, जास्तीत जास्त ५०, म्हणजे चिप उडालेली नाही. पिनवर कमी आणि फिल्टरनंतर जास्त असेल तर फिल्टरचा ऑपअँप बघा, ७४१ ऑपअँपचा बायस करंट (इनपुट पिनमधून वाहणारा बारीक करंट) साधारण ८० नॅनोअँप, मागे १०० के चा रेझिस्टर लावला असेल तर ८ मिलिव्होल्ट तिथेच आले. त्याऐवजी ओपी०७ ऑपअँप टाका.

आता रेफरन्स जोडा, ग्राउंडचा शॉर्ट मात्र प्रीअँपच्या (मल्टिप्लायरआधीच्या अँपच्या) इनपुटला न्या. डीसी वाढला तर फेज १८० अंश फिरवा. वाढलेल्या भागाचं चिन्ह उलटलं तर तो ऑफसेट नाहीच, रेफरन्स सिग्नलच्या वायरीत शिरतोय (मी यात दोन संध्याकाळी घालवल्यात, नुसता पॉट फिरवत). या वायरी एकमेकींपासून लांब ठेवा, शिल्ड करा, ग्राउंड एकाच जागी आणा.

फेजने काहीच फरक पडला नाही तर बहुतेक दोन्ही इनपुटवर डीसी आहे. एकाच बाजूला असेल तर गुणाकार रेफरन्सच्या किंवा सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीवर येतो, तो फिल्टर खातो. पण प्रीअँपकडून १ व्होल्ट आणि रेफरन्स जनरेटरकडून १०० मिलिव्होल्ट डीसी आला की (एडी६३३ गुणाकाराला १० ने भागतो) १० मिलिव्होल्ट थेट आउटपुटला. कपॅसिटर टाकून तोडा, आणि पिनपासून ग्राउंडला १० के लावा, १०० के नको, कारण एडी६३३ चा बायस करंट ०.८ मायक्रोअँप, म्हणजे पिनवर ८० मिलिव्होल्ट होतील.

उरलेलं ट्रिम एडी६३३ च्या झेड पिनवर (इथला व्होल्टेज आउटपुटमध्ये मिळवला जातो): ±१५ व्होल्टमध्ये ५० के पॉट, मधल्या पायातून ३०० के, झेडपासून ग्राउंडला १ के, साधारण ±५० मिलिव्होल्ट रेंज मिळते. सर्किट वीसेक मिनिटं तापू द्या, मगच फिरवा. तरी ड्रिफ्ट त्रास देतच असेल तर गेन मल्टिप्लायरच्या आधी वाढवा. १० मिलिव्होल्ट पीक सिग्नल १० व्होल्ट पीक रेफरन्सने गुणला तर आउटपुट जेमतेम ५ मिलिव्होल्ट, ऑफसेटएवढाच की. आधी १०० पट केला तर अर्धा व्होल्ट.