वेगमर्यादा पाळूनही प्रवास धोक्याचा का होतो? गाडी चालवताना या चुका टाळा

‘मी शंभरच्या वर कधी जातच नाही’ असे अभिमानाने सांगणारे आणि ‘रस्ता एवढा मोकळा असताना शंभराने काय चालवायचे’ असे वैतागून विचारणारे, असे दोन्ही प्रकारचे चालक मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रोज भेटतात. पहिला स्वतःला सुरक्षित समजतो आणि दुसऱ्याला वेगमर्यादा म्हणजे सरकारने दंड गोळा करण्यासाठी काढलेली युक्ती वाटते. माझ्या मते दोघांचाही हिशेब अर्धवट आहे. मर्यादा पाळल्याने धोका निश्चितच कमी होतो, मात्र फलकावरचा आकडा पाळला की आपले काम संपले असे मानणाऱ्याच्या हातून पुढच्या चुका हमखास होतात.

२०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले, त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदवलेले आहे. अपघाताच्या नोंदीत ‘अतिवेग’ लिहून मोकळे होणे सर्वांत सोपे असल्यामुळे हा टक्का थोडा हात राखूनच वाचावा, असे मला वाटते. पण आकडेवारी बाजूला ठेवली, तरी शाळेतले गणित पुरेसे बोलके आहे.

‘दहाने काय फरक पडतो?’

समजा, वस्तीतल्या रस्त्यावर दोन गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक ताशी ५० किलोमीटरने आणि दुसरी ६० ने, आणि पुढे अचानक एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यात आले. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात पहिली गाडी सुमारे २१ मीटर पुढे सरकलेली असते आणि दुसरी २५ मीटर. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि ब्रेक पूर्ण दाबलेला, असे धरले तर पहिली आणखी १४ मीटरांत, म्हणजे एकूण ३५ मीटरांवर थांबते. त्याच ३५ मीटरांच्या रेषेवर दुसरी गाडी जवळजवळ ४३ च्या वेगाने धावत असते. जिथे एक गाडी मुलापाशी येऊन थांबली, तिथे दुसरी त्याला ४३ च्या वेगाने धडकली, आणि दोन्ही चालक तेवढेच सावध होते.

ब्रेक लागण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वरच्या दहांची किंमत खालच्या दहांपेक्षा नेहमीच जास्त असते. धडकेच्या ऊर्जेचेही तसेच आहे, कारण ५० वरून ६० वर गेल्यावर वेग २० टक्क्यांनी वाढतो आणि ऊर्जा ४४ टक्क्यांनी.

या बदल्यात वाचतो तो वेळ किती? द्रुतगती मार्गाची लांबी साधारण ९४.५ किलोमीटर आहे. संपूर्ण अंतर न थांबता १०० ने कापले तर ५७ मिनिटे लागतात आणि १२० ने कापले तर ४७. घाट आणि टोलनाके मध्ये असल्यामुळे ही दहा मिनिटेही कागदावरच राहतात. मला घाटाखाली सपाट्यावर डिपर मारून मागे टाकणारी गाडी खालापूरच्या नाक्यावर शेजारच्या रांगेत उभी असलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे, की आता तिच्या चालकाकडे पाहून हसण्याचेही मी सोडले आहे.

मर्यादा म्हणजे गाठायचा वेग, असे समजणे

फलकावरचा आकडा हा दिवसाच्या उजेडात, कोरड्या रस्त्यावर, सुस्थितीतल्या गाडीसाठी असलेला कमाल वेग असतो. रात्री बारा वाजता तोच आकडा कायदेशीर असला तरी सुरक्षित राहतोच असे नाही, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक लोक चुकतात ते इथेच.

समोरून वाहतूक येत असेल किंवा पुढे गाडी असेल, तर आपण दिवे डिपरवर ठेवतो. डिपरच्या उजेडात रस्त्यावरची बिनदिव्याची वस्तू ओळखू येईल असे अंतर साधारणतः ५० मीटरांच्या आसपासच असते. वरच्याच हिशेबाने ६० च्या वेगाने येणारी गाडी ४५ मीटरांत थांबते, ८० ने येणाऱ्या गाडीला सुमारे ६९ मीटर लागतात आणि १०० ने येणाऱ्या गाडीला ९७. म्हणजेच १०० ने जाणाऱ्या चालकाला समोरची वस्तू दिसते, तेव्हा ती टाळण्यासाठी लागणाऱ्या अंतराचा निम्मा भाग त्याच्या हातून आधीच निसटलेला असतो. कंपनीने दिलेले दिवे बदलून जास्त वॅटचे पांढरेशुभ्र दिवे बसवणे हा यावरचा उपाय नाही, कारण त्यांनी समोरच्या चालकाचे डोळे दिपतात आणि तोच आपल्यावर येण्याची शक्यता वाढते.

हे मी एका रात्री लोणावळ्याच्या पुढे, पुण्याकडे येताना शिकलो. डाव्या मार्गिकेत एक ट्रेलर बंद पडला होता. मागचे दिवे विझलेले, मागच्या फाळक्यावरची लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिखलाने माखलेली, आणि लाल त्रिकोणाऐवजी मागे चार दगड मांडून त्यांत झाडाची एक फांदी खोचलेली. मला आधी दिसली ती फांदी, आणि तीही तिच्या ओल्या पानांवर दिवा चमकला म्हणून. माझा काटा तेव्हा सत्तरवर होता, आणि याचे श्रेय माझ्या शहाणपणाला नसून शेजारी बसून दर पाच मिनिटांनी ‘हळू’ म्हणणाऱ्या माझ्या आईला आहे. चारातले दोन दगड चाकाखाली आले आणि ट्रेलर काही हातांवर राहिला.

पावसात हाच हिशेब आणखी बिघडतो. ओल्या रस्त्यावर पकड कमी होऊन ब्रेक लागण्याचे अंतर सहज दीडपट होते, आणि साचलेल्या पाण्यावरून वेगात गेल्यास टायर पाण्यावर तरंगून स्टिअरिंग अचानक हलके लागू लागते. अशा वेळी ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढून गाडीला पुन्हा रस्ता पकडू द्यावा.

सर्व गाड्यांना एकच आकडा लावणे

केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेश-नियंत्रित द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी कमाल वेग १२० आहे, नऊ किंवा अधिक प्रवाशांच्या वाहनांसाठी १०० आणि मालवाहू वाहनांसाठी ८०. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारींना १०० आणि शहराच्या हद्दीत ७० अशी मर्यादा आहे. राज्याला आणि स्थानिक यंत्रणेला ही मर्यादा कमी करता येते, आणि म्हणूनच समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा असली तरी मुंबई-पुणे मार्गावर ती १०० आहे, तर घाटात त्याहून बरीच कमी आहे. एका रस्त्याची सवय दुसऱ्या रस्त्यावर नेऊ नये आणि प्रत्यक्ष फलकावर जे लिहिले असेल तेच प्रमाण मानावे. कुलदैवताला निघालेली, सात माणसे आणि टपावर बॅगा असलेली गाडी कागदोपत्री मोटारच असते, पण तिचे थांबणे आणि वळणे रिकाम्या मोटारीसारखे नसते, एवढे चालकाने स्वतःच लक्षात ठेवावे लागते.

जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारी सूचना बसवलेली असते. ती गॅरेजमध्ये नेऊन बंद करून घेणारे लोक मला माहीत आहेत. कटकट त्या आवाजाची आहे हे खरे, परंतु तासभर सरळ रस्त्यावर गाडी चालवल्यावर काट्याकडे पाहण्याची आठवण करून देणारे गाडीत दुसरे काहीच नसते.

मर्यादेत आहोत म्हणून उजवी मार्गिका अडवून ठेवणे

उजव्या मार्गिकेत ८० ने निवांत जाणारा चालक कोणताही वेगाचा नियम मोडत नाही, आणि तरीही धोका निर्माण करतो, कारण त्याच्यामुळे मागच्या गाड्या डावीकडून घुसू लागतात, जिथे अवजड वाहने चालत असतात आणि जिथून कोणी पुढे येईल अशी कोणाचीच अपेक्षा नसते. अमेरिकेत १९६४ साली डेव्हिड सॉलोमन यांनी केलेल्या पाहणीत, सरासरीपेक्षा फार वेगाने आणि फार हळू जाणारी, अशी दोन्ही वाहने अपघातात अधिक सापडतात असे आढळले होते. हळू जाणाऱ्यांतली बरीच वाहने वळण्यासाठी किंवा रस्त्यावर येण्यासाठी हळू झालेली होती, असा आक्षेप पुढच्या संशोधकांनी घेतला. ‘सगळे जण वेगात असतील तर आपणही वेगात जाणेच सुरक्षित’ या युक्तिवादासाठी ती पाहणी वापरली जाते, ते मला पटत नाही, कारण सगळे १३० ने गेले तरी थांबायला लागणारे अंतर कोणासाठीच कमी होत नाही.

मागची गाडी अगदी चिकटून अप्पर-डिपर मारत असेल तर वेग वाढवू नये आणि तिला धडा शिकवण्यासाठी ब्रेकलाही हात लावू नये. डावीकडे जागा पाहून, इंडिकेटर देऊन साइड द्यावी. तो मर्यादा मोडतो आहे हे खरे असले, तरी त्याचा बंदोबस्त करणे हे आपले काम नव्हे.

कॅमेऱ्याची कमान दिसताच करकचून ब्रेक मारणे ही याचीच धाकटी बहीण आहे. दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही मोजता येतो, त्यामुळे याने चलान टळेल याची खात्री नाही आणि मागून कोणी धडकण्याची शक्यता मात्र वाढते.

उतारावर गाडी न्यूट्रल करणे

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय ट्रकचालकांपुरती मर्यादित नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांब उतार या सवयीची किंमत वारंवार दाखवत आला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने एकामागोमाग एक ४८ च्या आसपास वाहने ठोकरली. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन तिला मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये मात्र सगळा भार ब्रेकवर येतो, सतत दाबल्याने ते तापतात, जळका वास येऊ लागतो आणि शेवटी पेडल दाबूनही पकड लागत नाही. तेव्हा मर्यादा किती लिहिली आहे याला काहीच अर्थ उरत नाही. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, ब्रेक सतत दाबून न धरता थोड्या वेळासाठी नीट दाबून सोडावा, आणि वास आलाच तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये.

द्रुतगती मार्ग सोडल्यावर काट्याकडे न पाहणे

तासभर १०० ने गाडी चालवल्यावर डोळे आणि कान त्या वेगाला सरावतात आणि ६० चा वेग चालण्यासारखा वाटू लागतो. किवळ्याला बाहेर पडून देहूरोडच्या दिशेने वळलेला चालक ‘मी अगदी हळू चाललो आहे’ असे मनापासून म्हणतो, तेव्हा काटा ७५ दाखवत असतो आणि समोर रस्ता ओलांडणारी माणसे असतात. स्वतःच्या अंदाजावर इथे अजिबात विसंबू नये. बाहेर पडल्यावर पहिली पाच-सात मिनिटे वेग केवळ काटा पाहून ठरवावा, आणि शक्य असल्यास आधी थांबून चहा घ्यावा.

काट्याबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. कंपन्या मीटर असा बसवतात की तो प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधी दाखवू नये, त्यामुळे तो सहसा थोडा जास्तच दाखवतो. माझ्या गाडीत तो १०० असताना जीपीएस ९५ दाखवते. मात्र दिसायला रुबाबदार म्हणून मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर घातले असतील, तर हीच गोष्ट उलटी होऊ शकते, कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि मीटरला ते कळत नाही. मीटर पाहून काटेकोरपणे मर्यादा पाळली असतानाही वेगाचे चलान येत असेल, तर सर्वप्रथम टायरवर छापलेले माप गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाशी जुळवून पाहावे, आणि नंतर सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना मीटरचा आकडा जीपीएसशी ताडून घ्यावा. मोबाइल त्या वेळी शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात असावा.