सायन्स फिक्शन फॅन फिल्म करताय? या चुका टाळा

फॅन फिल्म म्हणजे आवडत्या सिनेमा-मालिकेच्या जगात चाहत्यांनी स्वतः रचलेली फिल्म. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडची पोरं आता ती मोबाइलवर शूट करतात, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये यान उडवतात आणि उन्हाळ्यात जायकवाडीचा उघडा पडलेला तळ मंगळ म्हणून खपवतात. तो खपतोही. घोडं अडतं ते व्हिडिओ चढवल्यावर. कारण यान, गणवेश, पात्रं आणि धून दुसऱ्याच्या मालकीची असते, आणि तो मालक हॉलिवूडचा स्टुडिओ असतो.

‘आम्ही कुठं पैसे कमावतोय?’

ही समजूत सगळ्यात पक्की आणि सगळ्यात चुकीची. भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या नफ्यासाठी केलं नसेल तर कोर्ट खास कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे नफा नसला तर शिक्षा हलकी होईल, गुन्हा पुसला जात नाही. परदेशी सिनेमांनाही हे संरक्षण इथं मिळतं. फॅन फिल्मसाठी पोलीस दारात येतील असं नाही, बहुतेकदा व्हिडिओच उडतो. पण ‘कायदा आमच्या बाजूनं आहे’ या भ्रमात राहू नका.

‘मूळ निर्मात्यांना साभार’ ही पाटीही ढाल नाही. ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ हे तर कुठल्याच कलमात नाही. कलम ५२ मधली सूट खासगी वापर, समीक्षा, बातमी अशा ठरावीक कामांना आहे. स्टुडिओच्या मालकीचं पात्र घेऊन नवी कथा रचणं त्यात सहज बसत नाही.

नियम न वाचता शूटिंगला लागणं

स्टार ट्रेक या अमेरिकी अंतराळ-मालिकेच्या बाबतीत नियम लेखी आहेत. ‘ॲक्सानार’ नावाच्या फॅन फिल्मनं लोकांकडून दहा लाख डॉलरच्या वर निधी जमवला. डिसेंबर २०१५ मध्ये स्टार ट्रेकचे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएसनं खटला भरला. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी कोर्टानं ‘फेअर यूज’चा, म्हणजे परवानगीशिवाय केलेला वापर रास्त होता हा, बचाव नाकारला आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. खटला चालू असतानाच, जून २०१६ मध्ये, दोन्ही कंपन्यांनी फॅन फिल्मसाठी नियमावली जाहीर केली होती. ती पाळली तर आम्ही हरकत घेणार नाही, एवढाच तिचा अर्थ. हक्क मिळत नाही, मेहेरबानी मिळते.

मुख्य अट लांबीची: एक कथा १५ मिनिटांच्या आत, किंवा दोन भाग मिळून ३० मिनिटांपर्यंत. पुढचा सीझन नाही, सिक्वेल नाही. त्यामुळं ‘पहिला भाग गाजला की वेबसिरीज काढू’ हा बेत मुळातच बाद. फिल्मच्या नावात ‘स्टार ट्रेक’ हे शब्द येऊ द्यायचे नाहीत, मात्र ‘अ स्टार ट्रेक फॅन प्रॉडक्शन’ असं उपशीर्षक द्यायचंच. आपली पोरं नेमकं उलटं करतात. मूळ मालिकेतली एकही क्लिप वापरायची नाही, जुन्या भागातला प्रसंग पुन्हा करून दाखवायचा नाही. दारू, तंबाखू, शिव्या वर्ज्य. ढाब्यावरचा सीन तेवढा काढून टाका.

पोशाखाचा नियम लोक अर्धवट वाचतात. बाजारात मिळणारे गणवेश-बिल्ले वापरले तर ते अधिकृतच हवेत, नकली माल चालत नाही. रोख नकली मालावर आहे, आईनं मशीनवर शिवलेल्या शर्टावर नाही.

आपल्याकडं खरी गाडी अडते ती मानधनावर. नियमावलीप्रमाणं सहभागी सगळे हौशी हवेत आणि कुणालाही मोबदला द्यायचा नाही. मराठवाड्यात कॅमेरा, लाइट, ड्रोन बहुधा लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून येतात, आणि तो दिवसाचा दर सांगतो. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातला पोरगा किमान जाण्यायेण्याचं भाडं आणि थोडं मानधन मागतो, आणि बरोबर मागतो. दोघांना पैसे दिले की नियम मोडला. मला हा नियम गरिबांवरच जड वाटतो. सुट्टीच्या दिवशी फुकट राबणं नोकरदार हौशी माणसाला परवडतं, हातावर पोट असलेल्याला नाही. पण नियम तोच आहे.

निधी ५० हजार डॉलरपर्यंत जमवता येतो. आपल्या बजेटला ही मर्यादा म्हणजे चेष्टाच. आपण अडकतो नियमात न बसणाऱ्या छोट्या गोष्टीत: तुकाराम नाट्यगृहात पन्नास रुपये तिकीट लावून खेळ, देणगीदाराला लोगोवाला टीशर्ट, लातूरच्या एखाद्या क्लासेसची सुरुवातीला जाहिरात, यूट्यूबवर चालू राहिलेलं मॉनेटायझेशन, म्हणजे जाहिरातींची कमाई. दाखवायची ती फुकट.

आणि हे नियम फक्त स्टार ट्रेकचे. दुसऱ्या स्टुडिओला लावू नका. स्टार वॉर्स सिनेमांच्या ल्युकासफिल्म कंपनीनं २००२ मध्ये त्यांच्या फॅन फिल्मची स्पर्धा सुरू केली तेव्हा फक्त विडंबन आणि माहितीपट चालायचे. कथापटांना पुढं, २००७ पासून मुभा मिळाली. प्रत्येक दाराची किल्ली वेगळी.

‘धून आम्हीच वाजवली’

सगळ्यात जास्त व्हिडिओ इथंच अडकतात. सिनेमाच्या संगीतावर दोन हक्क असतात: एक रेकॉर्डिंगचा, दुसरा रचनेचा. तुम्ही तीच धून हार्मोनियमवर किंवा बँजोवर वाजवलीत तर रेकॉर्डिंग तुमचं, रचना त्यांचीच. स्वतःची धून बांधा. यानाच्या उड्डाणाला संबळ ऐकून बघा, अंगावर काटा येतो.

तसंही, कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. अंतराळयान, परग्रहवासी, काळप्रवास कुणाच्या बापाचे नाहीत. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय, गुरुत्वीय लहरी टिपणारी. तिथून एक संदेश सापडला, एवढ्यावर कथा सुरू करा. मग लग्नाच्या कॅमेरावाल्याला पैसेही देता येतील आणि दहा भागही काढता येतील. दौलताबादच्या किल्ल्यावर शूट करायचं असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी मात्र तेव्हाही लागेलच.

व्हिडिओ अडकलाच तर

आधी यूट्यूब स्टुडिओत जाऊन बघा, क्लेम आहे की स्ट्राइक. क्लेम म्हणजे यूट्यूबच्या कंटेंट आयडी या आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेनं सांगितलेला मालकाचा दावा, तो बहुधा आवाजावर असतो. तेवढा तुकडा कापा, म्यूट करा किंवा संगीत बदला, प्रकरण मिटतं.

स्ट्राइक म्हणजे मालकानं कायदेशीर मागणी करून व्हिडिओ उतरवलेला असतो. घाबरून व्हिडिओ डिलीट करू नका, त्यानं स्ट्राइक जात नाही. चित्र उलटं करून किंवा आवाजाची पट्टी बदलून पुन्हा चढवणं तर दुसऱ्या स्ट्राइकला आवतण. ९० दिवसांत तीन झाले की चॅनल बंद होऊ शकतं. यूट्यूबचा ‘कॉपीराइट स्कूल’ हा छोटा धडा पूर्ण करा आणि ९० दिवस जाऊ द्या, किंवा मालकाला सभ्य भाषेत लिहून स्ट्राइक मागं घ्यायची विनंती करा. काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे स्ट्राइक चुकीचा आहे असा तुमचा जबाब, हे कायदेशीर निवेदन आहे. त्यात तुमचं नाव-पत्ता समोरच्याकडं जातो आणि तो कोर्टात जाऊ शकतो. वकिलाला दाखवल्याशिवाय रागाच्या भरात ते पाठवू नका.