दिवाळीनंतरच्या श्रमदानाची तयारी: पाखाडी, राई आणि वहाळ

कोकणात श्रमदानाला दिवस मोजकेच मिळतात. सप्टेंबरपर्यंत पाऊस, ऑक्टोबरभर भातकापणी नि झोडणी, मार्चला शिमगा, पुढे काजू-आंब्याची धावपळ. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही वहाळावरचा (ओढ्यावरचा) बंधारा आधी, कारण वाहतं पाणीच अडवता येतं. त्याच सुमारास रानमोडी (बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं झुडूप) उपटायची, ती फुलायच्या आत. पायवाटेचं मातीकाम डिसेंबरअखेर उरकायचं. जानेवारी उलटला की जांभ्याची माती विटेसारखी होते आणि टिकाव उसळी मारतो. दगडकाम तेवढं मागे राहिलं तरी चालतं.

पण यादीतली पहिली गोष्ट ऑगस्टातली आहे. मुसळधार पाऊस लागलेला असताना दोघातिघांनी छत्र्या घेऊन ठरलेल्या वाटेवरून एकदा चालून यायचं. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या उतारावर पाणी स्वतःची वाट आधीच काढून ठेवतं, आणि ती डिसेंबरात दिसत नाही. कुठे वाटेचाच पऱ्ह्या (ओहोळ) होतो, कुठे पाणी आडवं ओलांडतं, कुठे झरा फुटतो, ते मोबाइलवर टिपायचं आणि त्या ठिकाणच्या झाडाला जुन्या सुती साडीची चिंधी बांधायची. प्लॅस्टिकची फीत नको, ती पुढची पाच वर्षं रानात लोंबत राहते. हा फेरा चुकवलेला गट उन्हात सुरेख वाट काढतो आणि जूनच्या पंधरवड्यात ती दरीत गेलेली पाहतो.

सप्टेंबरात कागद. तलाठ्याकडून सातबारा आणि गावनकाशा काढून वाट कोणाकोणाच्या गट नंबरातून जाते ते लिहून काढा. इथे एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं नवलाचं नाही, त्यातली निम्मी मुंबईत. म्हणून हे बोलणं गणपतीत उरकायचं, सगळे चाकरमानी घरी असताना. एकाने ‘करा, माझी हरकत नाही’ म्हटलं म्हणजे भाऊबंदांची संमती झाली असं धरू नका. जमीन राखीव वनात असेल तर वनपालाला भेटल्याशिवाय कुदळ लावायची नाही. 1927च्या वन अधिनियमाखाली तो गुन्हा ठरतो, हेतू कितीही चांगला असो. खासगी जमिनीवरही साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ ही झाडं 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा आड आलेलं झाड तोडण्यापेक्षा वाट वळवणं सोपं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीची नोंदवही असेल तर ती मागून वाचा. राईतली कुठली झाडं आणि कुठले झरे गावाला मोलाचे वाटतात, याची आयती माहिती मिळते.

देवराईत काम असेल तर कागदाच्या आधी गावकार, मानकरी आणि गुरव. देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय कित्येक राईत काडी हलवत नाहीत, आणि काही ठिकाणी कोयताच चालत नाही. तो नियम राईला शेकडो वर्षं सांभाळत आला आहे, तेव्हा श्रमदानाने त्यात सूट मागू नये. सिंधुदुर्गातल्या पुष्कळ देवस्थान जमिनींची व्यवस्था पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे आहे, तिथे त्यांनाही पत्र द्यावं लागतं.

आता अवजारं. वीस माणसांना वीस अवजारं आणू नका. अर्ध्या वेळेला माणसं माती टाकत, दगड उचलत, बघत असतात. सहा टिकाव, चार कुदळी, सहा फावडी, दोन पहारी (गावात ‘पारय’ म्हणतील), एक आठ किलोचा घण, दोन टाक्या (दगड घडायच्या छिन्न्या), बारा घमेली आणि चार कोयते भरपूर झाले. दांडे आदल्या आठवड्यात पाहा. ढिला टिकाव रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला की दांडा फुगून घट्ट बसतो, पण वाळल्यावर तो पुन्हा निसटतो, म्हणून पाचर मारूनच न्या. कोयता हातात मिरवायचा नाही. कमरेला आकडी बांधून तिच्यात अडकवायचा, धार मागे, पातं खाली. उतारावर घसरलात तर हात मोकळे असतात आणि पातं मांडीवर येत नाही. आकडी नसेल त्याला कोयता देऊच नका.

वाटेची उंची-पातळी धरायला गवंड्याची दहा मीटरची पारदर्शक पाण्याची नळी पुरते. ती भरताना बुडबुडा राहिला की सगळी मापं खोटी येतात, हे मात्र बघा. वाट तीन फूट रुंद धरा आणि दरीकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षा दोन इंच खाली ठेवा, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवं निघून जातं. नवखे लोक नेमकं उलटं करतात: पडू नये म्हणून दरीच्या बाजूला मातीचा बांध घालतात. वाटेचा नाला होतो तो तिथूनच. दहा फूट चालल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ येत असेल तर वाट तिरकी न्या, नाहीतर पायऱ्या घाला. चढाच्या भागात दर पंचवीस-तीस फुटांवर दगड अर्धे गाडून तिरका पट्टा घालायचा, म्हणजे पाणी बाहेर पडतं; काटकोनात घातलेल्या पट्ट्यामागे गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारतं. नवखा माणूस सकाळच्या चार तासांत दोन-तीन मीटर वाट नीट काढतो. वीस जणांनी पन्नास मीटर ठरवावेत, दोनशे नाही.

पाखाडी म्हणजे पायऱ्यांची दगडी वाट; तिच्या पायऱ्यांना चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड. साधारण 14 बाय 9 बाय 7 इंचाचा एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो. तीन चिऱ्यांची रुंदी, प्रत्येक पायरीला दोन ओळी, वरची पायरी खालचीवर दोन इंच चढवलेली, म्हणजे पाय ठेवायला सोळा इंच मिळतात. दहा फूट चढाला सतरा पायऱ्या आणि 102 चिरे. फुटतील म्हणून 110 मागवा. गाडी थांबते तिथून पुढे हे तीन टन डोक्यावरून जायचे आहेत, तेव्हा चुंबळी आणि माणसं त्या हिशेबाने. खाणीतून काढलेला ताजा चिरा मऊ असतो, वाऱ्या-उन्हात कडक होतो; महिनाभर आधी आणून रचून ठेवा. काम खालून वर न्यायचं, पहिली पायरी निम्मी जमिनीत. वरच्या पृष्ठभागावर टाकीने तिरके घाव घालून खरबरीत करा, नाहीतर जुलैत शेवाळ धरलं की तीच पायरी म्हाताऱ्या माणसाचं कंबरडं मोडते. सांधे सिमेंटने भरू नयेत. मागून झिरपणाऱ्या पाण्याला वाट मिळत नाही, आणि दोन पावसांत चिरे पुढे ढकलले जातात.

राईत ‘साफसफाई’ हा शब्दच वापरू नका. पडलेला ओंडका, कुजका पालापाचोळा, वेलींची गुंतवळ हीच राई आहे. काढायची ती रानमोडी आणि घाणेरी, तीही कडेकडेने. रानमोडी कापली की बुंध्यातून चार फुटवे येतात. नोव्हेंबरात माती ओली असताना मुळासकट उपटायची, मुळांची माती झटकायची आणि मुळं वर करून दगडावर रचायची. जमिनीला लागली तर पुन्हा रुजते. पिशवीतली रोपं आणून राईत लावायचा उत्साह आवरा. तिथे रोप नाही, ऊन आणि गुरं थांबवायची गरज असते.

सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळपठारावरून, वाट जात असेल तर एकच सूचना, पण कडक: कातळावरचा एकही दगड उचलायचा नाही, खरवडायचं नाही. पावसाळी फुलांची मुळं आणि कंद तिथल्या बोटभर मातीत असतात, आणि त्याच मातीखाली कातळशिल्पं निघतात. कोकणातली ही शिल्पं 2022पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. वाट दाखवायला कडेने दगडांच्या ढिगाऱ्या रचायच्या, त्याही खालून आणलेल्या दगडांच्या.

बंधाऱ्याची जागा निवडताना काठ उंच, पात्र अरुंद आणि तळाला अखंड कातळ पाहा. सच्छिद्र जांभ्यावर बंधारा घातला की पाणी खालून गळतं आणि आठवड्यात पात्र रिकामं. समजा पात्र वीस फूट रुंद आहे आणि साडेतीन फूट उंची हवी. सिमेंटची रिकामी पिशवी भरल्यावर दोन फूट लांब, सोळा इंच रुंद, सहा इंच जाड होते. खालचे दोन थर तीन ओळींचे, मधले तीन दोन ओळींचे, वरचे दोन एकेरी, मिळून 140 पिशव्या. दोन्ही काठांत दीड-दीड फूट घुसवायला आणखी वीसेक. फाटक्या निघतील ते धरून 180 गोळा करा. माती पावणेदोन ते दोन ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागेल. नुसती वाळू गळते, नुसती चिकणमाती फुगून पिशवी गोल होते, निम्मी-निम्मी मिसळा. पिशवीत तीन घमेली, म्हणजे दोन-तृतीयांश. गच्च भरलेल्या पिशव्या नारळासारख्या एकमेकींवर डुगडुगतात, ढिल्या भरलेल्या दबून फटी बुजवतात. दाभण आणि नायलॉनची दोरी. सुतळी पाण्यात महिन्यात कुजते. एक धरणारा, एक भरणारा, अशी जोडी तासाला दहा पिशव्या भरते. चार जोड्या सकाळी सातला लागल्या तर अकरापर्यंत रास तयार. भरलेली पिशवी 50 किलोची, ती दोघांनीच उचलायची.

रचण्याआधी तळाचा गाळ, पाला, गोटे कातळ दिसेपर्यंत काढा. बहुतेक बंधारे फुटत नाहीत, तळातून निसटतात, आणि कारण हेच. सांधे विटांसारखे एकाआड एक, शिवलेलं तोंड प्रवाहाच्या उलट बाजूला. फटीत टाळ (पाल्याच्या फांद्या), गवत आणि चिकणमाती कोंबायची. मधोमध सहा इंच खोल सांडवा सोडा आणि पाणी पडतं तिथे सपाट दगड मांडा, नाहीतर पायथा पोखरतो. तळाशी दोन इंची पाइपचा तुकडा उघडा ठेवायचा. खालच्या अंगाला कोणाची सुपारीची बाग असते, कोणाचा पाट. बंधारा भरेपर्यंतच्या दिवसांत त्यांचं पाणी तुटलं तर ते रात्री येऊन पिशव्या काढतील, आणि त्यांचं चुकणार नाही. त्यांना श्रमदानालाच बोलवा.

औषधपेटीपेक्षा चौकशी महत्त्वाची. आदल्या दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात फोन करून सर्पदंशाची लस आहे का, रविवारी डॉक्टर आहे का, ते विचारा. नसेल तर कुठे न्यायचं ते ठरवा. वहाळात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा 108 लावायला कोणी किती वर चढायचं तेही. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं असतं, हातभरच लांब. दगड आधी पहारीने उलटायचा, आपल्याकडे ओढायचा म्हणजे मोकळी बाजू पलीकडे राहते. लाल विंचू तिथेच. डंखानंतर घाम, उलटी, हातपाय गार, असं काही दिसलं तर लिंबू-कांदा न करता दवाखाना, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेल्या प्रॅझोसिनने ही माणसं वाचतात, पण ते वेळेत मिळावं लागतं. दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडतापाचं भान ठेवा. दोडामार्गात 2016मध्ये त्याचे रुग्ण आढळले, आणि तो गोचिडांतून येतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल, घरी गेल्यावर गरम पाण्याने अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं. वाळल्या शेंगांची खाजकुयली झाडून टाकू नका, लांबून ओळखून वळसा घाला. बिब्ब्याचा चीक अंगावर फोड आणतो, म्हणून अनोळखी झाडाची फांदी तोडायची नाही. मोठ्या वडावर आग्या माश्यांचं पोळं असेल तर त्या दिवशी तिथे घण नको.

पाणी माणशी चार लिटर. न्याहारीला पेज किंवा भाकरी, दहा वाजता कोकम सरबत मीठ घालून. अकरा ते साडेतीन काम बंद. चूल पेटवायची ती उघड्या कातळावर, आणि निघताना पाण्याने विझवून हात लावून बघायची. जानेवारीपासून गवत वाळतं. वणवा दिसला तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच असू द्या.

शेवटचं काम यादीत बहुतेक जण लिहीत नाहीत: मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातला एक रविवार. उन्हाने पिशव्यांचे धागे ठिसूळ झालेले असतात, आणि पहिल्या पुरात त्या चिंध्या होऊन थेट खाडीत जातात. पिशव्या मोजून उतरवायच्या, माती काठावर ओतायची, सांडव्याचे दगड तिथेच. रचताना वहीत 161 लिहिलं असेल तर परतही 161 यायला हव्यात. कमी पडल्या तर खालच्या कोंडीत (डोहात) उतरून शोधायच्या, तिथेच अडकलेल्या असतात.