हायड्रोफोन (पाण्याखालचा माइक) पाण्यात सोडताना
समुद्रातल्या आवाजांचा अभ्यास करणाऱ्या इंटरनॅशनल क्वाएट ओशन एक्सपेरिमेंटवाल्यांमुळे ८ जूनला जगभर एकाच दिवशी समुद्राचा आवाज रेकॉर्ड होतो, पण आपल्या मुंबईत तेव्हा मासेमारी बंदी, म्हणजे होडी विसरा, परवानगी काढून जेट्टीवरूनच हायड्रोफोन सोडा. केबलखाली जुन्या टॉवेलची घडी ठेवा, कठड्याला घासली की तासभर नुसती खरखर, माझं झालंय असं.

फाइल वॅव (WAV) फॉरमॅटमध्येच, एमपीथ्रीत बारीक आवाज उडतात. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून लिहा, नाहीतर बाहेरच्या टीमला जुळवताना वैताग. भरती-ओहोटी, खोली, जवळून गेलेली लाँच, सगळं वहीत.

मोहरी तडतडल्यासारखं आलं तर मशीन बिघडलेलं नाही, ती बहुतेक स्नॅपिंग कोळंबी. ढबढब आलं तर घोळीच्या कुळातला मासा असेल, पोटातला फुगा वाजवतो तो, एखाद्या कोळीदादाला ऐकवून बघा.