लग्नसराईच्या उन्हात सनईची पत्ती कशी सांभाळावी

मराठवाड्यात लग्नं निघतात ती एप्रिल-मेमध्ये आणि मुहूर्त असतो भर दुपारचा. बीड, परभणी, नांदेडकडे तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो. वाजवणाऱ्याला घाम फुटतोच, पण त्याच्या आधी दम जातो सनईच्या पत्तीचा. सनई घेताना लोक लाकूड ठोकून बघतात, खालच्या पितळी कर्ण्याची चकाकी बघतात. बोलते मात्र पत्ती. ती वाळली की दहा हजारांची सनईही मुकी.

पत्ती म्हणजे ताडाच्या पानाचे किंवा नदीकाठच्या बोरूसारख्या गवताचे समोरासमोर बांधलेले पातळ पदर. मध्ये बारीक फट असते. फुंकर गेली की पदर थरथरतात, मिटतात, उघडतात आणि खालच्या लाकडी नळीतली हवा त्यांच्या तालावर बोलायला लागते. पाश्चात्त्य वाद्यवृंदातला ओबो आणि त्याच्यापेक्षा पाच सूर खाली बोलणारा कोर आंग्ले ही याच जातीची वाद्यं. ओबोवालेही दिवसातला निम्मा वेळ पत्तीशीच झगडतात. तेव्हा वैतागू नका, हे दुखणं जगभरचं आहे.

आधी ओलावा. कोरडी पत्ती कधीच फुंकू नका, टोकाला चीर जाते. स्वच्छ पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, किंवा ओठांत धरून मुरू द्या. पाणी कोमट असलं तर चालेल, गरम नको. फार वेळ भिजली तर फट जास्त उघडते आणि आवाज फाटका येतो.

मग नुसती पत्ती फुंकून बघा. सनईला लावायच्या आधीच. दात लावायचे नाहीत, ओठांनीच हलकं धरायचं. थोड्याशा फुंकरीत पीं असा आवाज निघाला तर पत्ती ठीक. दम लावूनही नुसती हवा जात असेल तर फट जास्त आहे, सपाट बाजूंनी चिमटीत हलकेच दाबा. आवाज अडत असेल तर फट मिटली आहे, दोन्ही कडांनी दाबा म्हणजे मधून उघडेल. दाब अगदी हलका हवा आणि पत्ती ओली हवी. वाळलेल्या पत्तीवर हा उद्योग केला की ती उभी चिरते, आणि चिरलेली पत्ती सांधता येत नाही.

जुन्या सनईवाल्यांच्या वाद्याला दोऱ्यांवर दोन-चार जादा पत्त्या आणि एक बारीक सुई लोंबताना दिसते. नवख्याला तो शोभेचा गोंडा वाटतो, पण सुई पत्तीत अडकलेला कचरा काढायला आणि तोंड मोकळं करायला असते. तुम्हीही बांधून घ्या.

सूर जुळवणं. पत्ती आत सरकवली की सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. केसाइतकं सरकवलं तरी कानाला कळतं. उन्हात वाद्य तापलं की सूर चढतो, म्हणून सावलीत जुळवून उन्हात वरातीसमोर उभं राहिलात तर पुन्हा जुळवावं लागणारच. सोबतचा सूर धरणारा तुमच्या आधी जुळवून बसलेला असावा, दोघांनी एकदम सुरुवात केली की गोंधळ होतो. एखाद्या भोकाचा सूर जरा चढा बोलत असेल तर त्या भोकाच्या कडेला मेणाचा थेंब लावतात. हे काम मात्र जाणत्याकडूनच करून घ्या.

बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांना वाटतं, सनई हातात घेतली की जमेल. जमत नाही. क्लॅरिनेटची पत्ती एकच आणि नळी सरळसोट. सनईची नळी खाली रुंदावत जाते. त्यामुळे जोर देऊन फुंकल्यावर सनई वरच्या सप्तकात जाते, क्लॅरिनेट त्याच्याही पुढे पाच सूर उडी मारते. बोटांची सवय मोडावी लागते.

वाजवताना. दोन गतींच्या मध्ये पत्ती ओठांआड ठेवा, उघडी ठेवून गप्पा मारू नका. गोड चहा, गुळपट्टी, पान, गुटखा खाऊन सनई तोंडाला लावायची नाही. साखर आणि चुना पदरांवर बसतो आणि पत्ती जड होते. गुटखा तर तसाही सोडाच. घोटभर पाणी पुरतं.

वाजवून झाल्यावर. पत्ती काढा, मऊ सुती कापडाने टिपा, सावलीत वाळवा. टेम्पोच्या काचेपुढे ठेवलेली पत्ती तासाभरात कडक होते. प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत ओली कोंबली तर बुरशी येते, आणि तीच पत्ती परत तोंडात जाणार असते. भोकं पाडलेली छोटी डबी उत्तम.

लाकडालाही कोरडं ऊन सोसत नाही. हंगामाच्या आधी आतून बदामाच्या तेलाचा पातळ हात फिरवा, भोकांत तेल साचू देऊ नका. हिवाळ्यात उलटी काळजी. परभणीत डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा गार सनईत गरम फुंकर एकदम घालू नका. आधी थोडा वेळ हातात, काखेत धरून तिची थंडी मोडू द्या, नाहीतर लाकडाला भेग जाते.

आणि एकाच पत्तीवर लग्नाची सुपारी घेऊ नका. किमान तीन तरी जुळवलेल्या पत्त्या जवळ ठेवा, त्यातली एक आदल्या रात्रीच वाजवून बघितलेली.