मीटर पळतंय? टेस्टिंगला देण्याआधी या चुका टाळा

गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक मावशी राहायच्या. घरात एक पंखा, एक ट्यूब, टीव्ही आणि लहानसा फ्रिज. बिल मात्र एसीवाल्या घरासारखं. मी तेव्हा मीटर टेस्टिंगच्या कामात नवीन होतो. तक्रार हातात आली तसा गेलो, जिन्याखालच्या केबिनमधून मीटर उतरवलं, वर्कशॉपमध्ये बेंचवर (मीटर तपासायच्या टेबलावर) चढवलं आणि कमी-जास्त सगळ्या लोडवर तपासलं. एकदम पास. मावशींना सांगितलं, "मीटर ठीक आहे, वापर कमी करा." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

पुढचं बिल तेवढंच आलं. मीटर बदललं, तर नवीनही तसंच पळायला लागलं. दोन वेगळी मीटरं एकाच मापाने बिघडत नाहीत, एवढी अक्कल तोवर आली होती. या वेळी मीटरला हात न लावता मी केबिनमध्ये बसलो. मावशींना घरातलं सगळं बंद करायला लावलं. मीटरचा लाल दिवा लुकलुकतच होता. मग मेन स्विच पाडला. दिवा थांबला आणि शेजारच्या खोलीतून आवाज आला, "अहो, आमचा फ्रिज बंद पडला!"

मधल्या भिंतीचं काम काढलेलं असताना कोणा वायरमनने शेजारच्या फ्रिजचा न्यूट्रल मावशींच्या बोर्डातून घेतला होता. आपल्याकडची इलेक्ट्रॉनिक सिंगल फेज मीटरं चोरी पकडता यावी म्हणून फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांतला करंट मोजतात आणि जो जास्त असेल तो धरतात. शेजारच्यांचा करंट परत जाताना मावशींच्या न्यूट्रलमधून जात होता, म्हणून तो मावशींच्या युनिटमध्ये मिळायचा. गंमत म्हणजे शेजारच्यांच्या मीटरमध्येही तो फेजवर मोजला जातच होता. एका फ्रिजची वीज दोन घरांत विकली जात होती, आणि यात मीटरांचा काडीचा दोष नव्हता. दोन्ही मीटरांवर अर्थचा दिवा (फेज आणि न्यूट्रलमधला करंट सारखा नसला की पेटणारा) पेटलेला होता. पहिल्याच दिवशी तो बघायला हवा होता, तो मी बघितला नाही.

मीटर उतरवून नेलं की खरं काय ते कळेल, हा समज

वर्कशॉपमध्ये फक्त मीटर तपासलं जातं. व्होल्टेज एका सोर्सवरून, करंट दुसऱ्यावरून, आणि तुलनेला मीटरपेक्षा कितीतरी अचूक असं प्रमाण यंत्र, म्हणजे स्टँडर्ड. तिथे मावशींचा बोर्ड नसतो, शेजाऱ्यांचा फ्रिज नसतो, केबिनमधलं जळकं टर्मिनल नसतं. जागेवरच्या टेस्टमध्ये हे सगळं असतं, पण त्या घडीला घरात जेवढा लोड चालू असेल तेवढ्यावरच मीटर तपासता येतं. म्हणून आधी तक्रार नेमकी काय आहे ते ठरवा. वायरिंग, जोडणी, न्यूट्रल, सीटी (मोठा करंट मीटरला झेपेल इतका लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर) यांचा संशय असेल तर मीटर जागेवरून हलू देऊ नका. मीटर अगदी कमी लोडवर चुकतंय, लोड नसताना स्वतःहून पुढे सरकतंय किंवा प्रकरण वादात गेलंय, असं असेल तर बेंचच हवा.

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटरविषयक विनियमांत ग्राहकाचं मीटर पाच वर्षांतून किमान एकदा जागेवर तपासायला सांगितलंय. त्याऐवजी ते काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासलेलं दुसरं मीटर लावायची मुभाही कंपनीला आहे. कंपनीला हा दुसरा मार्ग सोयीचा. पण वायरिंगचा घोटाळा असेल तर नवीन मीटरही तोच घोटाळा इमानेइतबारे मोजत बसतं.

घरच्या घरी तपासताना

अर्ज करण्याआधी बिलावरचं रीडिंग खरं घेतलेलं आहे की सरासरीने टाकलेलं, ते पाहा. दोन-तीन महिने सरासरी आणि मग एकदम खरं रीडिंग, असं झालं तर बिल उडी मारतंच. त्यात मीटर निर्दोष असतं.

मग मी केबिनमध्ये केली तीच चाचणी करा. सगळं बंद करा आणि दिवा पाहा. बंद म्हणजे राउटर, सेट-टॉप बॉक्स, चार्जर यांचे प्लगसुद्धा काढा. लोक दोन मिनिटं बघतात आणि "थांबलं" म्हणून मोकळे होतात. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलेलं असेल तर एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. पाच वॅटचा सेट-टॉप बॉक्स चालू राहिला तर तो पावणेचार मिनिटांनी एकदा लुकलुकेल. निदान पंधरा मिनिटं थांबा. मेन स्विच पाडल्यावरही दिवा लुकलुकत राहिला तर संशय मीटरवर किंवा मीटर ते मेन स्विच या तुकड्यावर. मेन पाडल्यावर थांबला तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये. मेन स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असेल तरच हा निष्कर्ष खरा. फक्त फेज तोडणारा असेल तर शेजाऱ्याचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून वाहतच राहील.

दुसरी चूक गिझर लावून हिशेब करण्यातली. २००० वॅटचा गिझर, ३२०० इम्पल्सचं मीटर, म्हणजे मिनिटाला दिवा सुमारे १०७ वेळा लुकलुकायला हवा. मोजला तर ११६ भरतो, आणि लगेच "मीटर नऊ टक्के फास्ट" असा बोभाटा होतो. गिझरवरचे २००० वॅट २३० व्होल्टचे असतात. घरात २४० व्होल्ट असतील तर तोच गिझर जवळजवळ २१८० वॅट खातो. ते नऊ टक्के गिझरचे, मीटरचे नव्हेत. पाणी तापत आलं की थर्मोस्टॅट मधेच तोडतो, ते वेगळंच. या चाचणीत वीस-तीस टक्क्यांची गडबड पकडता येते, दोन टक्क्यांची नाही. आणि डोळ्यांनी मोजू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजा.

डिस्प्लेवर नुसते पूर्ण युनिट दिसत असतील तर अर्ध्या-पाऊण तासाच्या रीडिंगवर वाद घालणं व्यर्थ. दीड युनिट वापरलं तर आकडा कधी एकाने सरकेल, कधी दोनाने.

सील किंवा टर्मिनलचं झाकण काढून स्वतः बघायला जाऊ नका. आत मेन स्विचच्या आधीची जिवंत लाइन असते. शिवाय तुटलेलं सील दिसलं की तक्रारदार तुम्ही असलात तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहता.

जागेवरच्या टेस्टमध्ये काय बघायचं

माणूस अॅक्युचेक (मीटरशी ताडून बघायचं तपासणी यंत्र) घेऊन येतो, करंट मोजायला तारेभोवती त्याचा चिमट्यासारखा क्लॅम्प लावतो, लुकलुक मोजायला दिव्यासमोर स्कॅनर धरतो. क्लॅम्पचा जबडा पूर्ण मिटलाय का ते बघा. आपल्या केबिन इतक्या अडचणीच्या असतात की बारीकशी फट राहिलेली दिसतही नाही, आणि तेवढ्याने करंट कमी मोजला जातो. अॅक्युचेक कमी दाखवतो, म्हणजे मीटर "फास्ट" ठरतं. स्कॅनरवर ऊन किंवा बॅटरीचा झोत पडला तर पल्स चुकतात. टेस्टच्या वेळी चांगला लोड चालू ठेवा, इस्त्री, गिझर, जे असेल ते. एका ट्यूबवर घेतलेल्या टेस्टमध्ये क्लॅम्पचीच चूक मोठी असते. घरगुती मीटर साधारण १.० क्लासचं, म्हणजे साधारण एक टक्क्यापर्यंतची चूक चालणारं असतं. क्लॅम्पने काढलेली एरर त्याच्या आसपासच घुटमळत असेल तर हट्टाने बेंच टेस्ट मागा.

सोसायटीच्या लिफ्ट-पंपाचं मीटर सीटीवर असेल तर मात्र उलटं सांगेन: बेंचवर विसंबू नका. तिन्ही फेजवर सारखा लोड असताना एका सीटीच्या तारा उलट्या जोडल्या तर मीटर एक तृतीयांशच वीज नोंदवतं, आणि एक सीटी तुटलेली असेल तर दोन तृतीयांश. बेंचवर हे मीटर सोन्यासारखं पास होतं. जागेवर टेस्ट करतानाही क्लॅम्प सीटीच्या बारीक तारांवर लावला तर तपासलं जातं फक्त मीटर. तो मुख्य केबलवर लावायला सांगा, म्हणजे सीटीसकट सगळं तपासलं जाईल. सीटीवरचा आकडाही वाचा. १००/५ ला गुणक (रीडिंगला ज्याने गुणायचं तो आकडा) २०, २००/५ ला ४०. बिलावर चुकून दुसराच छापला तर बिल थेट दुप्पट किंवा निम्मं. निम्मं बिल आलं की कमिटी खूश असते. पुढे थकबाकीची नोटीस आली की सेक्रेटरीला झोप लागत नाही.

पावसाळ्यातली मीटरं

तळमजल्यावरच्या केबिनमध्ये जुलैत भिंत पाझरते, मीटरमध्ये वाफ धरते, डिस्प्ले वेडावाकडा होतो. मीटर उतरवतात, ते वर्कशॉपच्या कपाटात कोरडं होतं, आणि नंबर लागेपर्यंत बरं झालेलं असतं. रिपोर्ट: "दोष आढळला नाही." अशा मीटरची टेस्ट आधी जागेवर, ओल असतानाच व्हायला हवी. निदान डिस्प्लेचा आणि टर्मिनलचा फोटो तारखेसकट काढून ठेवा. खाऱ्या हवेने काळवंडलेलं किंवा सैल टर्मिनल मीटर काढताना मोकळं होतं, मग पुरावा उरत नाही.

मीटर नेताना

शेवटचं रीडिंग, मीटर नंबर, सील नंबर तुमच्या देखत कागदावर यायला हवेत. मीटर सीलबंद करून त्यावर तुमची सही घ्यायला सांगा. टेस्टची तारीख मागा आणि त्या दिवशी जा. रिपोर्टवर नुसतं "ओके" असेल तर तो परत करा. कोणत्या लोडवर, कोणत्या पॉवर फॅक्टरवर किती एरर आली आणि स्टँडर्डचं कॅलिब्रेशन कधीपर्यंत वैध आहे, एवढं त्यावर हवं. अधिक चिन्ह म्हणजे मीटर फास्ट, उणे म्हणजे स्लो.

तोवर बिल भरायचं की नाही, हे सगळेच विचारतात. न भरता बसू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या बिलांची सरासरी, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. भरताना "निषेध नोंदवून" हे लेखी द्या आणि पोच घ्या. कंपनीकडे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. बेस्ट असो, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपकडची महावितरण, वाट हीच.